कपाळावरचा श्वास

कालिचा आपाने बुरुलचे डोके दोन्ही हातांत धरले, खाली ओढले आणि तिच्या कपाळावर नाक टेकवले. थोडा वेळ तसेच धरून ठेवले, मग सोडले.

"आली एकदाची माझी पोरगी," ती म्हणाली. "अगं, नुसती हाडं राहिलीत! शहरात काय उंदरांच्या ताटातलं उष्टं खातेस?"

यर्टच्या, त्या गोल लोकरी तंबूच्या, दारात उभे असलेले सगळे हसले. बुरुलही हसली. पण तिच्या कपाळाला वारा लागला नव्हता.

सुसामिरच्या कुरणांवर म्हातारी माणसे पोरांचे मुके घेत नाहीत, कपाळ हुंगतात. आपा बुरुलची आत्या; तिचे हुंगणे बुरुलला लहानपणापासून ओळखीचे होते. तो लांब, ओढून घेतलेला श्वास केसांच्या मुळांशी गार लागायचा आणि आपा मग म्हणायची, "ऊन लागलंय तुला," किंवा "आज रडली आहेस." आज नाक नुसते टेकले होते. नाकपुड्या हलल्याच नव्हत्या.

नाकपुड्यांवर नजर ठेवणे हे बुरुलचे कामच होते. बिश्केकच्या एका प्रयोगशाळेत ती उंदरांच्या नाकातल्या मज्जापेशींचा अभ्यास करायची. नुसता श्वास घेणारा उंदीर कोणता आणि वास घेणारा कोणता, हे ती त्याच्या मिशांकडे पाहून सांगू शकत असे. त्यामुळे आपाचे काय झाले आहे, हे तिला सामान गाडीतून उतरवायच्या आधीच कळले. ते का झाले, हे तिला आधीपासून ठाऊक होते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी, शहरातले दवाखाने कोरोनाने भरले होते तेव्हा, ती भाड्याच्या गाडीतून हाच घाट चढून आली होती. घाटमाथ्यावर पुढच्या बाईने खारवलेल्या माशाचे पुडके सोडले आणि गाडीत एकच ओरडा झाला. "आजी, काच तरी उघडा, नाहीतर आम्हाला खाली उतरवा!" बुरुलला काहीच वास आला नाही. तिने पिशवीतून हात पुसायच्या स्पिरिटची बाटली काढून नाकाशी धरली. नाकात गार झोंबले, पण वास नव्हता. झोंबणे ही वेगळ्याच नसेची खबर असते. वासाची नस गप्प होती. याचा अर्थ त्या गाडीत तिच्याइतका कुणालाच समजला नसता.

खाली उतरली तेव्हा आपा हात पसरून समोर आली. "लांब राहा," एवढेच म्हणायचे होते. पण शहरातल्या खोलीत एकटीने आजारी पडायच्या भीतीने तर ती इथे पळून आली होती, आणि पसरलेल्या हातांसमोर तिच्या तोंडून ते दोन शब्द निघाले नाहीत. तिने डोके वाकवले. आपाने कपाळाला नाक लावून पोटभर श्वास घेतला.

आठवडाभरात आपा अंथरुणाला खिळली. ती वाचली, पण पानगळ सुरू झाली तरी खोकत होती. घोडे बघायला आलेल्या परगावच्या माणसाने आजार आणला असणार, असे सगळे म्हणाले आणि बुरुलने त्यांना तसे म्हणू दिले. तिचा स्वतःचा वास थोड्याच दिवसांत परत आला होता. गेल्या उन्हाळ्यात ती प्रयोगाचे निमित्त सांगून इकडे फिरकलीच नाही.

आता ती नुसती पाहत राहिली. आपा ताबिल्गीच्या काटक्यांची धुरी चानाचला देत होती. घोडीच्या दुधाचे कुमीस ज्यात आंबते ती बकऱ्याच्या कातड्याची पिशवी म्हणजे आपाचा अभिमान होता. अख्ख्या खोऱ्यात तिच्या कुमीसला नाव होते. धुरी पुरेशी झाली की नाही हे ती पूर्वी पिशवीच्या तोंडाशी नाक नेऊन ठरवायची. आता ती तोंडाशी डोळे नेत होती. डोळ्यांत पाणी आले की पुरे म्हणत होती. आंबत घातलेले दूध ढवळल्यावर ती पिशवीला कान लावायची, आत बुडबुडे कसे फुटतात ते ऐकायची, मग एक घोट जिभेवर धरून ठेवायची. हे सगळे इतक्या सफाईने चालले होते की माहीत नसलेल्या माणसाला वाटावे, ही जुनीच पद्धत.

दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचे घोडीचे दूध चानाचमध्ये ओतायला आपाने कॅन उचलला. बुरुल दारात होती, तिथपर्यंत सडका भपकारा आला. तिने धावत जाऊन आपाचा हात धरला.

"आपा, हे नासलंय."

आपाने कॅनमध्ये तोंड घालून मोठ्याने हुंगले. "हो गं. तेच तर बघत होते."

"आपा, तुम्हाला वास येत नाही."

आपाने आधी दाराकडे पाहिले. तिची सून अनारकुल बाहेर घोड्यांपाशी होती. "हळू बोल," ती म्हणाली आणि कॅनला झाकण लावून त्यावरच बसली. "त्या खोकल्यापासून. आधी वाटलं, नाक चोंदलंय. मग नाक सुटलं, वास काही सुटला नाही."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? की आता माझं कुमीस आंधळ्यानं शिवलेल्या टोपीसारखं आहे? ते जाऊ दे." ती थांबली. "बेकतूर झाला तेव्हा सगळ्यांनी त्याला आधी माझ्या हातात दिलं. हुंगा आपा, म्हणाले, कसला वास येतोय? मी म्हटलं, दुधाचा. दुसरं काय म्हणणार? सगळी पोरं दुधाचीच असतात. माझ्या एर्मेकचा वास मला अजून आठवतो गं, गरम पिठासारखा. नातवाचा मात्र मला ठाऊकच नाही. आता तो चालायला लागला."

"परत येईल," बुरुल म्हणाली. इतके खात्रीने बोलण्यासारखे कुणालाच काही माहीत नव्हते. "नाकातल्या पेशी पुन्हा उगवतात. त्यांना सवय लावावी लागते. मी लावून देते."

"तुझ्या उंदरांसारखी?"

"हो."

"मग मला चीजचा तुकडा देणार का?"

त्या दिवसापासून अनारकुल धारा काढायला गेली की दोघी यर्टमागे बसू लागल्या. आर्चाच्या झाडाची जळकी काटकी, चुरगाळलेला रानदवणा, शिळ्या कुमीसचा वाडगा, खोगिराखालची घामट घोंगडी. एकेक नाकाशी धरायचे, छोटे छोटे श्वास घ्यायचे आणि त्याचा पूर्वीचा वास आठवायचा. आपाला यात पोरखेळ वाटायचा. "आर्चा आठवतोय," ती डोळे मिटून म्हणायची. "माझा नवरा आठवतोय. त्याला आर्चाचा वास नव्हता, आळसाचा होता." पण ती एकही दिवस चुकली नाही. बुरुलने सुटी वाढवून घेतली. आपा रोज तिचे आभार मानायची आणि बुरुल रोज मान खाली घालून काटक्या गोळा करायची.

एके सकाळी आपाने आर्चाची काटकी नाकाशी धरली आणि झटक्यात दूर फेकली.

"शी! केस जळाल्यासारखं!"

बुरुल उठून उभी राहिली. "काय म्हणालात? वास आला?"

"आर्चाचा नाही गं. काहीतरी घाणच."

"पण आला! आपा, आला!" बुरुलला एवढा आनंद झाला की तिने आपाला मिठी मारली. हे असेच व्हायला हवे होते. नव्या पेशी उगवल्या होत्या, खुणा पाठवू लागल्या होत्या. सुरुवातीला त्या खुणा चुकीच्या ठिकाणी पोचतात आणि भलतेच वास येतात, हे तिने वाचले होते. आता पुढचा विचार तिच्या मनात अगदी सहज आला, प्रयोगशाळेत येतो तसा. लाकडाचा धूर बिघडून येतोय. मग माणसाचा वास कसा येईल?

यर्टमध्ये बेकतूर लोकरीच्या गाठीशी खेळत होता. दोन दिवसांनी त्याचा पायबंद कापायचा होता. चालू लागलेल्या पोराचे पाय काळ्या-पांढऱ्या लोकरीने बांधतात आणि कुणी मानाचे माणूस ती कापते. हा मान आपाचा होता. बुरुलने त्याला उचलून आणले आणि आपाच्या मांडीवर ठेवले.

"हुंगून बघा," ती म्हणाली. तिने आपाला सावध केले नाही. आधी सांगितले असते तर उत्तर शुद्ध राहिले नसते.

आपाने त्याच्या डोक्यावरची टोपी काढली. अगदी हळुवारपणे. तिने नाक टेकवले आणि पूर्वीसारखा लांब श्वास घेतला. तिचा चेहरा वाकडा झाला. तिने तोंड फिरवले, एका हाताने पोराला दूर लोटले आणि दुसरा हात नाकावर दाबला.

"सडलंय," ती कशीबशी म्हणाली. "या खुदा, पोर सडल्यासारखं..."

मागे पत्र्याची बादली आपटली. अनारकुल दूध घेऊन परत आली होती. तिने बेकतूरला उचलले, त्याची टोपी उचलली आणि निघून गेली.

संध्याकाळी एर्मेकने बुरुलला गाठले. तो बोलायला फारसा उत्सुक नसायचा. "माझी बायको उद्या तलासला माहेरी जाते म्हणते," तो म्हणाला. "पोराला घेऊन. पायबंद तिथंच कापणार. आपा तोंड उघडत नाही. काय केलंत तुम्ही बायकांनी?"

"मी बोलते तिच्याशी," बुरुल म्हणाली.

सकाळी अनारकुल धारा काढत होती. शिंगरे नेहमीप्रमाणे जमिनीलगत ताणलेल्या लांब दोरीला ओळीने बांधली होती आणि घोड्या आपापल्या शिंगरापाशी उभ्या होत्या. अनारकुलने एका घोडीच्या मागच्या पायाभोवती हात घालून गुडघ्यावर बादली पेलली होती.

"वन्सं, लांब उभ्या राहा. घोडी बुजेल," ती न पाहता म्हणाली.

"वहिनी, आपांना वास येत नाही. त्या आजारापासून येत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून..."

"मला माहीत नव्हतं?" अनारकुल हसली. "मागच्या हिवाळ्यात चुलीवर पाव जळून कोळसा झाला आणि त्या शेजारी बसून लोकर विंचरत होत्या. तेव्हापासून चानाच रोज सकाळी मी हुंगते. धुरी कमी पडली की पुन्हा देते. त्यांना कळू देत नाही. म्हणूनच तर विचारते. ज्या बाईला वासच येत नाही, तिनं माझ्या पोराला हुंगून नाक दाबायचं कारण काय? मी सांगते. मी पहिल्यापासून पसंत नव्हते. घोडे पाळणाऱ्यांच्या घरात गाईवाल्यांची पोरगी. ते माझ्यापुरतं ठीक होतं. आता पोरावर आलं."

बुरुल जवळ गेली. घोडीने कान मागे टाकले.

"तसं नाही. काल त्यांना खरंच वास आला. पण चुकीचा आला." ती शब्द शोधू लागली. "नाकात वरच्या टोकाला पेशी असतात. प्रत्येक पेशी ठरावीक कणच ओळखते. ओळखला की मेंदूकडे खूण पाठवते. तिचा धागा मेंदूतल्या एका ठरलेल्या गाठीलाच जाऊन मिळतो. त्या आजारात त्या पेशी गेल्या. आता नव्या आल्यात, त्यांचे धागे वाट शोधतायत आणि..."

"आणि भलत्याच गाठीला लागलेत," अनारकुल म्हणाली. बोलताना तिचे हात चालूच होते. तिने दोरीकडे पाहिले. "म्हणजे नवी शिंगरं चुकीच्या खुंट्याला बांधलीयत."

हे पुरते खरे नव्हते. एका वासासाठी अनेक पेशींच्या खुणा एकत्र याव्या लागतात. पण यापेक्षा नीट सांगणे बुरुललाही जमले नसते.

"हो. पोराचा वास नाकात गेला तो चांगला. पोचला तिथं सडका झाला."

अनारकुलने धार थांबवली. "पण काल हे सगळं तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"थोडं."

"पोराला मांडीवर कुणी ठेवलं?"

"मी."

"बघायला? काय होतं ते?"

"हो."

"उंदरांनाही असंच करता?"

बुरुलने मान डोलावली. घोडीने पाय उचलून ठेवला. अनारकुलने तिला थोपटले आणि पुन्हा धार सुरू केली, जरा जास्तच जोराने.

"अजून एक आहे," बुरुल म्हणाली. "तो आजार मी आणला होता."

"ते काय नवीन सांगताय! घोडेवाला तुमच्यानंतर आला होता, वन्सं. आम्हालाही मागचं-पुढचं कळतं. बोललो नाही, कारण मुद्दाम कोण आणतं?"

"पण मला ठाऊक होतं. येतानाच गाडीत माझा वास गेला होता. त्याचा अर्थ मला कळला होता. तरी मी आपांसमोर डोकं वाकवलं."

अनारकुलने गुडघ्यावरची बादली सावरली.

"हे मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "माझं नाक शाबूत आहे. आत जा आणि तिथं सांगा. मी येते, बादली भरली की."

आपा चानाचला धुरी देत होती. बुरुल तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि सगळे सांगितले. खारवलेला मासा, स्पिरिट, पसरलेले हात, पोर मांडीवर ठेवताना मनात काय होते ते. मध्येच अनारकुल बेकतूरला कडेवर घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. आपा ऐकत होती आणि पिशवीचे तोंड धुरावर गोल फिरवत होती. धुराने तिच्या डोळ्यांत पाणी आले, तरी तिने पुरे म्हटले नाही.

बुरुलचे बोलणे संपल्यावर आपाने विचारले, "त्या दिवशी तुला माझा वास आला नव्हता?"

"नाही."

"म्हणजे मी तुला हुंगत होते आणि तू नुसतीच उभी होतीस."

बुरुलला ओरडण्याची, शापांची अपेक्षा होती. त्याची तिने तयारी केली होती. याची केली नव्हती.

"या वेळी तू आलीस तेव्हा मीही नुसतंच नाक टेकवलं," आपा म्हणाली. "तुला कळू नये म्हणून. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. तुला फसवतेय असं." ती बुरुलकडे पाहत नव्हती. "अनारकुल, पोराला इकडे आण."

"आपा, कशाला? पुन्हा तसंच होईल."

"होऊ दे. आण."

अनारकुल हलली नाही. आपाने पिशवी बाजूला ठेवली, उठायला वेळ लागला, पण उठली, आणि स्वतः दारापर्यंत गेली. सुनेच्या कडेवरच्या पोराची टोपी तिने काढली आणि नाक टेकवून श्वास घेतला. तिच्या खांद्यांना उमासा आला. तिने सुनेच्या दंडाला धरून तो जाऊ दिला आणि पुन्हा नाक टेकवले. बेकतूरने तिचा रुमाल ओढला. तिसऱ्यांदा श्वास घेताना तिचे डोळे मिटलेले होते, काटकी हुंगताना मिटायचे तसेच.

"असा आहे तर," ती म्हणाली. "सडक्या कांद्यासारखा, पण कानामागे थोडा वेगळा. बरं. कांदा तर कांदा. मला आता हा अंधारातही ओळखू येईल."

"हा त्याचा खरा वास नाही, आपा," बुरुल म्हणाली. "काही महिन्यांत बदलेल. किंवा..." तिने स्वतःला थांबवले. मग यावेळी खरे तेच सांगितले. "किंवा नाही बदलणार. मला माहीत नाही."

"बदलला तर पुन्हा शिकेन. मेंढी नाही का, कोकरू ओलं असेपर्यंत चाटून त्याचा वास शिकते? मला उशीर झाला, एवढंच." आपा सुनेकडे वळली. "उद्या पायबंद इथं कापायचा की तलासला, ते तू ठरव. तुझं पोर आहे. पण चानाच सकाळी तू हुंगतेस ना? मग यापुढे चोरून नको. माझ्यासमोर हुंग आणि तोंडानं सांग."

अनारकुलने बेकतूरला दुसऱ्या कडेवर घेतले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"धुरी मी देते तेवढ्यानं माझ्या डोळ्यांत पाणी येतं. रोज सकाळी पिशवी उघडली की ढसाढसा रडायची पाळी यायची. मूर्ख नाही मी."

अनारकुल रडता रडता हसली आणि तिने पोराला आपाच्या हातात दिले. बुरुल अजून गुडघ्यांवरच होती. तिच्याकडे कुणी पाहिले नाही.

पायबंद तिथेच कापला गेला, आपाच्या हाताने. पाहुण्यांनी कुमीसची तारीफ केली तेव्हा आपा म्हणाली, "सुनेला सांगा. नाक तिचं आहे." सगळ्यांना तो विनोद वाटला.

बुरुल दुसऱ्या दिवशी निघाली. काटक्या, रानदवणा आणि घोंगडीचा तुकडा तिने अनारकुलच्या ताब्यात दिला आणि सराव कसा घ्यायचा ते समजावून सांगितले. अनारकुलने नीट ऐकून घेतले, पण ती हसली नाही. गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. आपा यर्टच्या दारात उभी होती. या वेळी तिने हात पसरले नव्हते.

बुरुल तिच्यापुढे जाऊन थांबली. डोके वाकवायचा हक्क आपल्याला उरला आहे की नाही, हे तिला कळेना. ती तशीच ताठ उभी राहिली.

"वाक ना," आपा म्हणाली. "माझी मान दुखते."

बुरुल वाकली. आपाचे हात तिच्या कानांवर आले, नेहमीपेक्षा घट्ट, आणि केसांच्या मुळांशी गार वारा लागला. आपाच्या घशातून उमाशाचा आवाज आला. बुरुलने डोके मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण हात सुटले नाहीत.

"किती घाण वास येतोय तुला," आपा म्हणाली आणि तिने पुन्हा श्वास घेतला.